सेंटर लॉक नट खोलताना-कसताना या चुका टाळा (निदान माझ्या दुकानात तरी)

धुळ्याला आग्रा हायवेवर टायरचं दुकान आहे माझं, रोजचं गिऱ्हाईक म्हणजे ट्रक नि बोलेरो. पण मुंबईहून इंदूरकडे निघालेली एखादी पोर्शे जीटी३ कधीमधी पंक्चर होऊन येते, स्टेपनी तिच्यात नसतेच, मग पोरांच्या अंगात येतं. पाच बोल्ट नाहीत, मधोमध एकच मोठा नट, म्हणजे काम सोपं असं वाटतं त्यांना.

सोपं नाही. २००९ च्या ९११ जीटी३ ला हा नट आला, त्याच गाडीच्या पुढच्या पिढीला, म्हणजे ९९१ जीटी३ ला, टॉर्क (नट कसायचा पिळाचा जोर) ६०० न्यूटन मीटर. साध्या कारच्या बोल्टला १००-१२० पुरतो. हिशोब सांगतो, एक मीटरच्या दांड्याच्या टोकाला ६१ किलोचा माणूस लटकला की ६०० होतो.

आता आमच्या पोराचं ऐका. मोठा टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला क्लिक वाजणारा पाना) मी एकाला उसना दिलेला, दुकानात फक्त ३०० पर्यंतचा, मी गेलो शेवभाजी खायला, येऊन बघतो तर चाक बसवून पोरगं हात पुसतंय आणि गाडीचा मालक चावी फिरवत उभा. कितीवर कसला रे? "सहाशेवर, आण्णा." कशाने? तर ३०० वाला दाखवतो! "दोन डाव क्लिक वाजना ना, तीनशे न तीनशे सहाशेच व्हतस ना?" अरे बाबा, भाजी दोनदा चाखली म्हणून मीठ दुप्पट होतं का? दुसऱ्यांदा ओढलं तरी ३०० लाच वाजणार, बेरीज होत नसते. आणि नटाच्या मधली लॉकची पिन बाहेर आलेली, म्हणून ते बिनधास्त. पिन नट निघून जाऊ देत नाही एवढंच, चाक आवळून धरायचं काम टॉर्कचंच. मोठा रेंच येईपर्यंत अडीच तास मालकाला बसवून ठेवलं, जाम वैतागला, वैतागू दे.

ब्रेकवर माणूस बसवल्याशिवाय नटाला हात लावायचा नाही. हँडब्रेक नि गिअरच्या भरवशावर तर अजिबात नाही. जॅकवर उचललेल्या गाडीला एवढा जोर लावून हिसके देणारे मी पाहिलेत, बघूनच पोटात गोळा येतो.

इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारी मशीन) नको. रेसच्या पिटमध्ये चालते म्हणून इथे चालत नाही, नटाचं रंगीत कोटिंग सोलून निघतं आणि टॉर्क किती लागला ते देवाला माहीत.

छिन्नी-हातोडा? जाऊ द्या.

आटे नि नटाची निमुळती बाजू पुसून अॅल्युमिनियम पेस्ट पातळ लावायची, ट्रॅक्टरचं ग्रीस नाही. मी ६०० ला आणतो, थोडा मागे सोडतो, परत ६०० ला, कंटाळा आला तरी. शेवटी सॉकेट काढून पिन बाहेर आली का ते बोटाने चाचपतो, डोळ्यावर विश्वास नाही माझा. नसेल आली तर नट सैल करून जुळवायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून.

आणि तो मोठा रेंच मी आता कुणालाच देत नाही, मागू नका.