मांडीच्या हाडापासून शेणाच्या गोळ्यापर्यंत: लहान मुलांना डायनोसॉर आणि जीवाश्म कसे शिकवावेत

पाच वर्षांच्या मुलाला टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस ही नावं तोंडपाठ असतात. कोण मांस खायचा, कोण पाला, हेही ते घडाघडा सांगतं. पण हे सगळं आपल्याला कळलं कुठून, हे त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. खरी गंमत तिथेच आहे, म्हणून शिकवायला सुरुवातही तिथूनच करावी. खालचे उपक्रम साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. एका दिवशी एकच घ्या आणि प्रत्येक वेळी मुलाला एक प्रश्न विचारत राहा: "कशावरून?"

आधी खडूने एक हाड काढा

डायनोसॉर 'खूप मोठा' होता असं सांगून मुलाला काहीच कळत नाही. खडू आणि मोजपट्टी घेऊन गच्चीत किंवा अंगणात जा. जमिनीवर १.७ मीटर लांबीचं एक हाड काढा, दोन्ही टोकं जरा फुगीर ठेवा. हे बारापासॉरसच्या मांडीचं हाड. मुलाला त्याच्या शेजारी आडवं झोपवा आणि डोक्याजवळ खूण करा. मग आईबाबांनी झोपून बघावं. घरातल्या बहुतेकांपेक्षा ते एकटं हाडच लांब भरतं.

बारापासॉरस आपल्या शेजारचाच. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्याला लागून असलेल्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात त्याची सुमारे ३०० हाडं मिळाली. त्याला 'बारापासॉरस टागोराय' हे नाव १९७५ साली मिळालं. मोठ्या पायाचा म्हणून बारापा, आणि उत्खनन सुरू झालं ते १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून टागोराय. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. नाकापासून शेपटीपर्यंत तो १२ ते १४ मीटर असावा. जागा असेल तर तेवढं अंतरही पावलांनी मोजून घ्या.

सुतळीवर काळ मोजा

कोटी म्हणजे किती, हे लहान मुलाला समजत नाही. सुतळी मात्र समजते. अडीच मीटर सुतळी घ्या आणि १० सेंटिमीटर म्हणजे १ कोटी वर्षं असं ठरवा. एका टोकाला 'आज' अशी चिठ्ठी लावा. तिथून २३० सेंटिमीटरवर पहिले डायनोसॉर, १८०च्या आसपास बारापासॉरस, १५०वर स्टेगोसॉरस, ६७वर टी-रेक्स. ६६ सेंटिमीटरवर लाल दोरा बांधा: इथे पक्षी सोडून बाकी सगळे डायनोसॉर संपले. त्याच सुमारास ज्वालामुखींतून लाव्हा पसरत होता. सह्याद्रीचा काळा दगड तोच.

आता माणूस दाखवा. आपली जात सुमारे ३ लाख वर्षांची, म्हणजे 'आज'पासून फक्त ३ मिलिमीटर. माणसं डायनोसॉरच्या पाठीवर बसलेली चित्रं मुलांनी पाहिलेली असतात. ती खोटी का, हे त्यांना न सांगता दिसतं. टी-रेक्स आणि स्टेगोसॉरस यांची लढाईही होऊ शकत नाही, कारण टी-रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जास्त जवळचा आहे. हे कळल्यावर मुलं खेळण्यांची मांडणी स्वतःहून बदलतात.

हाडाचा दगड कसा होतो

भांडी घासायचा नवा स्पंज हाडाच्या आकारात कापा. गरम पाण्यात विरघळेल तेवढं मीठ मोठ्यांनी विरघळवून घ्या. कोरडा स्पंज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन वहीत लिहा. मग तो त्या पाण्यात बुडवा आणि ताटलीत ठेवून तीन-चार दिवस उन्हात वाळवा. स्पंज कडक होतो, वजनही वाढतं. जमिनीत गाडल्या गेलेल्या हाडाचं असंच होतं: पाण्याबरोबर आलेली खनिजं त्याच्या बारीक छिद्रांत साठत जातात. एक फरक मात्र सांगा. मीठ पाण्यात परत विरघळतं, हाडात भरलेलं खनिज तसं सहज विरघळत नाही.

ठसे

शाडूच्या मातीची जाड पोळी थापा, तिच्यात शिंपला किंवा शिरा वर आलेलं पान दाबा आणि अलगद काढा. त्या खोलगट ठशात प्लास्टर ऑफ पॅरिस ओता (दोन वाट्या भुकटीला एक वाटी पाणी), अर्ध्या तासाने सोडवा. आधी साचा, मग त्यात भरून तयार झालेली प्रतिकृती, असे दोन्ही प्रकार निसर्गातही सापडतात. प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं, म्हणून कालवणं आणि ओतणं मोठ्यांनी करावं, मुलांना त्यात हात बुडवू देऊ नये. उरलेलं मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. प्लास्टर नको असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी घालून घट्ट गोळा मळा आणि त्यातच ठसा उमटवून वाळवा.

उत्खनन: घाई नको, नोंद हवी

बाजारात मिळणाऱ्या खोदकामाच्या तयार संचात मूल हातोडी मारून दहा मिनिटांत खेळणं बाहेर काढतं आणि खेळ संपतो. घरी केलेलं उत्खनन यापेक्षा कितीतरी चांगलं.

पसरट टब घ्या. तळाशी वाळू, तिच्यावर कुंडीतली काळी माती, सगळ्यात वर लाल माती, असे तीन थर द्या. प्रत्येक थरात वेगळ्या वस्तू पुरा: खाली शिंपले, मध्ये मैद्याच्या गोळ्याची हाडं, वर एखादं बटण आणि बाटलीचं झाकण. घरात चालत असेल तर कोंबडीची हाडं उकळून, साफ करून, उन्हात वाळवून वापरा. त्यांच्यासारखी हाडं दुसरी नाहीत, कारण कोंबडी ही डायनोसॉरच्याच वंशातली.

टबावर आडवे-उभे दोरे चिकटवून नऊ चौकोन करा आणि तसेच नऊ चौकोन वहीत आखा. हत्यारं म्हणजे जुना टूथब्रश, रंगाचा ब्रश आणि चमचा. नियम एकच: वस्तू दिसली की लगेच उचलायची नाही. आधी भोवतालची माती ब्रशने झाडायची, ती कोणत्या चौकोनात आणि कोणत्या थरात आहे ते वहीत काढायचं, मगच बाहेर काढायची. पाच वर्षांच्या मुलाला हा धीर धरणं जड जातं. तेव्हा त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, "झाकण आधी पुरलं गेलं की शिंपला?" मूल थोडा विचार करून "शिंपला, तो खाली होता" म्हणालं, की भूविज्ञानातला एक पायाभूत नियम त्याने स्वतः शोधला असं समजा.

आणि आता शेण

हा उपक्रम मुलांना सगळ्यात जास्त आवडतो. माझाही सगळ्यात लाडका हाच.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरच्या काळातल्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. २००५ साली शास्त्रज्ञांनी असे गोळे तपासले, तेव्हा त्यांत गवताचे अंश सापडले. गवताच्या पेशींत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. गवत पचलं, कुजलं, तरी ते कण टिकतात. कणांच्या आकारावरून गवताचे निदान पाच प्रकार ओळखता आले. तोवर समजूत अशी होती की गवताचा असा विस्तार डायनोसॉर गेल्यानंतरच झाला. ती समजूत विदर्भातल्या शेणाच्या गोळ्यांनी बदलली. त्याच जिल्ह्यात डोंगरगावला आयसीसॉरस या लांब मानेच्या डायनोसॉरची हाडंही मिळाली आहेत.

घरी ओल्या मातीचे चार गोळे करा. एकात गवताचे तुकडे, दुसऱ्यात मोहरी आणि तीळ, तिसऱ्यात वाळकी पानं आणि काड्या, चौथ्यात अंड्याच्या टरफलांचा चुरा मिसळा. हे मुलांच्या नकळत करा. दोन दिवस उन्हात वाळू द्या. मग चमच्याने फोडून, भिंगातून बघून ओळखायचं: हा कोणाचा, त्याने काय खाल्लं होतं? अंड्याचं टरफल निघाल्यावर मूल "मांसाहारी!" असं ओरडलं, तर आपण परत विचारायचं, "कशावरून?"

बाहेर शोधायला गेलात तर

पुणे, नाशिक, साताऱ्याच्या काळ्या दगडात डायनोसॉरची हाडं शोधू नका. तो थिजलेला लाव्हा आहे. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे तळ्यांचा गाळ अडकला आहे आणि त्यात जीवाश्म मिळतात. मुंबईत वरळीला अशा गाळात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले. दगडावर झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी दिसली, तर ती बहुतेक वेळा वनस्पती नसते, भेगेत शिरलेल्या मँगनीजच्या खनिजाची असते.

खरं जीवाश्म दिसलं तर उचलून घरी आणू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा नीट लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूविज्ञान विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. जागेवरून हलवलेल्या हाडाचा थर कळत नाही, आणि थर न कळलेल्या हाडातून शास्त्रज्ञांना फारच थोडं सांगता येतं. टबात नऊ चौकोन आखलेल्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सहल काढायची असेल तर गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला जा. तिथे डायनोसॉरची अंडी खडकात जिथल्या तिथे पाहायला मिळतात, आणि २००३ साली नाव मिळालेल्या राजासॉरस या शिकारी डायनोसॉरची हाडंही तिथलीच. नागपूरकरांना रामन विज्ञान केंद्र जवळ पडेल. जाताना वही, मोजपट्टी आणि सुतळी बरोबर घ्या.