खुराड्यातली घरघर: थंडीत परसातल्या कोंबड्या सांभाळताना

कोंबडी दिवसा आजार लपवते. आपण जवळ गेलो की मान ताठ करते, चार दाणे टिपल्यासारखं करते. म्हणून पौष-माघात कोंबड्यांची तपासणी रात्री करावी. सगळ्या आत बसून अर्धा तास झाला की बॅटरी न लावता खुराड्यापाशी दोन मिनिटं नुसतं उभं राहा. निरोगी कोंबडी मधूनच कुरकुरते, पण तिचा श्वास ऐकू येत नाही. शिंक, खरखर, घशात पाणी अडकल्यासारखी घरघर आली तर ती कोणाची ते तिथेच शोधा आणि तो पक्षी उचलून वेगळ्या डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. अंधारात पक्षी पळत नाही, सकाळी मात्र अर्धा तास त्याच्यामागे धावावं लागतं.

घरघर ऐकली की बहुतेकजण "थंडी बाधली" म्हणतात आणि खुराड्याची उरलीसुरली फटही गोणपाटाने बुजवतात. नेमकं इथेच बिघडतं. पिसं कोरडी असतील आणि अंगावर वाऱ्याचा झोत येत नसेल, तर मोठी कोंबडी आपल्याकडची थंडी सहज काढते. बंद खुराड्यातली हवा तिला सोसत नाही. रात्रभराची विष्ठा आणि श्वासाची वाफ यांनी तळ ओलावतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तर दुखावतो. मग एरवी सोसला असता तो जंतूही आत घर करतो. सकाळी दार उघडल्या उघडल्या कोंबडीच्या उंचीवर वाकून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर औषधाआधी झाडू हातात घ्यायला हवा. गोणपाट लावायचाच तर वाऱ्याच्या बाजूला आणि पक्षी बसतात त्या उंचीपर्यंत लावा. वर छपराखाली वीतभर जागा मोकळी राहू द्या. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा, ओला झालेला भाग रोज काढा. बुरशीचा वास येणारं तूस घालू नका. त्यातली बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाते, पिल्लं आवाज न करता चोच वासून धापा टाकतात, आणि त्यावर प्रतिजैविक चालत नाही.

कडुनिंबाच्या पाल्याची धुरी द्यायची तर खुराडं रिकामं असताना. पक्षी आत ठेवून धूर केलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. कोंबडीच्या शरीरात फुप्फुसांना जोडून नऊ वायुकोश असतात, धूर तिथवर पोचतो आणि घरघर वाढते.

आता आजार कोणता? घरी खात्रीने सांगता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, नाकातून पातळ पाणी, आठवडेच्या आठवडे रेंगाळणारी खरखर, मर कमी पण अंडी घटलेली, असं असेल तर बहुधा मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा जुनाट श्वसनरोग, म्हणजे सीआरडी. दोन-तीन दिवसांत एकापाठोपाठ एक कोंबडीचा चेहरा सुजला, डोळा बंद झाला आणि नाकाच्या चिकट स्रावाला घाण वास आला, तर कोरायझा, म्हणजे जिवाणूमुळे होणारी संसर्गजन्य सर्दी. तोंड उघडून श्वास, हिरवट पातळ विष्ठा, पंख गळलेले, आणि वाचलेल्यांची मान पिळवटलेली, म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. हा विषाणू आहे, त्यावर औषध नाही, लसच आहे.

सीआरडी आणि कोरायझावर प्रतिजैविकं लागू पडतात, पण कोणतं, किती, किती दिवस, हे पशुवैद्यकाने ठरवायचं. माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायची सवय सोडा. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढेही ती अंडी खाऊ नका, विकू नका. हळद-लसूण द्यायला हरकत नाही, त्याने रोग मात्र जात नाही. सकाळी कोमट पाणी, भरपूर शेवग्याचा पाला किंवा मेथी हे आजारी पक्ष्याला खरोखर उपयोगी, कारण अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाका-घशाचं अस्तर कमकुवत होतं. आणि एक कटू गोष्ट: या दोन्ही रोगांतून बरी झालेली कोंबडी जंतू बाळगून राहते. सीआरडी तर अंड्यातून पिल्लात उतरतो. अशा कोंबडीची अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवू नयेत.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, डोकं सुजलं, पायांवर रक्ताळलेले डाग दिसले, तर अंदाज बांधत बसू नका, तो बर्ड फ्लू असू शकतो. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला, जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात आला. मेलेले पक्षी उघड्या हाताने हाताळू नका, ओढ्यात टाकू नका, उरलेले घाईने विकूही नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर कळवा. नमुने कसे घ्यायचे आणि मेलेल्यांची विल्हेवाट कशी लावायची, हे तेच सांगतील.

परसात रोग बहुतेकदा पायांनी चालत येतो. मार्गशीर्ष संपला की जत्रांचे दिवस सुरू होतात, आठवडे बाजारात कोंबड्यांची आवक वाढते. तिथे न खपलेला कोंबडा संध्याकाळी परत आणून खुराड्यात सोडला, की दहा गावच्या कोंबड्यांचे जंतू घरी आले. विकत घेतलेला किंवा परत आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवा, त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं, आणि दाणापाणी आधी घरच्यांना, मग त्याला.

राणीखेतच्या लसीची अडचण वेगळीच आहे. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची, आपल्याकडे पक्षी पंधरा. म्हणून वस्तीतल्या आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवावा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा ही सौम्य लस डोळ्यात थेंबाने, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, आर-टू-बी ही जास्त तीव्र लस कातडीखाली 0.5 मिली. आधी लासोटा न मिळालेल्या पक्ष्याला थेट आर-टू-बी टोचू नका, आणि घरघर असलेल्या कळपाला लस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. लस पाण्यातून द्यायची तर नळाचं ब्लिचिंगचं पाणी नको, विहिरीचं घ्या, आणि आधी तास-दोन तास पक्ष्यांना तहानलेलं ठेवा. कुपी दवाखान्यातून बर्फ भरलेल्या थर्मासमध्येच आणावी. एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवायची, त्यामुळे शेवटच्या घरी पोचेपर्यंत चहाला कुठे थांबायचं नाही.