इथलं इंग्रजी कानाला सुटं होईना तेव्हा

लातूर, नांदेड, बीडकडून नव्यानं अमेरिकेत आलेल्या पोरापोरींनो, घर कुठं घ्यावं, बँकेत खातं कसं काढावं हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मला कानाबद्दल सांगायचंय. शिक्षण इंग्रजीतून झालेलं, मेल झरझर लिहिता येतात, आणि काउंटरवरचा माणूस दोन वाक्यं बोलला की काहीच पल्ले पडत नाही. त्यावरून आपलं इंग्रजी कच्चं आहे असं मुळीच समजू नका.

कागदावर दोन शब्दांत जागा असते, बोलण्यात नसते. 'पिक इट अप' इथं 'पिकिडप' होऊन येतं. आपणही तेच करतो की! 'काय करू लागलास'चं आपल्याकडं 'काय करूलालास' होतं. पुण्याहून आलेली सून पहिले काही महिने गोंधळते, आपल्याला त्यात काही जोडलंय हे जाणवतही नाही.

इंग्रजी कान शब्द तोडतो तो जोरावर. ऐकलेलं बोलणं डोक्यात कसं उलगडतं याचा अभ्यास करणाऱ्या ॲन कटलर आणि डेनिस नॉरिस यांनी १९८८ साली इंग्रजी भाषकांना निरर्थक शब्द ऐकवले. 'मिंटश'मध्ये लपलेला 'मिंट' त्यांना चटकन सापडला, 'मिंटेव्ह'मधला उशिरा. 'टे' ठसठशीत आला की त्यांचा कान तिथं नवा शब्द सुरू झाला असं धरतो, आणि 'मिंट'चा ट पुढच्या तुकड्यात जातो. ही सवय त्यांना उपयोगी पडते, कारण बोलण्यातले अर्थाचे शब्द दहांपैकी साधारण नऊ वेळा ठसठशीत अक्षरानंच सुरू होतात. मराठीत जोर बदलला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळं आपण तिकडं लक्षच देत नाही. आता द्या. ठसठशीत अक्षरं पकडा; मधले 'टु', 'ऑफ', 'द' पुसट येतात, ते संदर्भानं भरता येतात. 'टुनाइट', 'अबाउट' असे काही शब्द फसवतील, ते पाठच करून टाका.

'कॅन'चं मात्र नीट ऐका. माझ्या पहिल्या हिवाळ्यात हीटर बंद पडला. घरमालक फोनवर म्हणाले, "आय कॅन्ट कम टुडे." शेवटचा ट ते गिळतात, मला 'कॅन' ऐकू आलं. अंगावर दोन रजया घेऊन रात्री नऊपर्यंत मी दाराकडं बघत बसले. इथं 'येऊ शकतो' म्हणताना नुसतं 'कन' येतं, घाईत. 'कॅ' स्पष्ट आणि जोरात आला तर बहुतेक वेळा नकार समजा, आणि लगेच विचारा: "सो यू आर नॉट कमिंग?"

सरावाला रोज एक मिनिटाचं बोलणं घ्या, ज्याचा लिखित मजकूर मिळतो असं. मजकूर न बघता तीनदा ऐका, ऐकू येईल ते लिहा, मग ताडून बघा. चुकलं तिथं पुन्हा ऐका. सबटायटल लावून सिनेमा बघितला की डोळेच काम करतात, कान रिकामा राहतो.

आणि डॉक्टरांची वेळ फोनवर घेताना 'फिफ्टीन' की 'फिफ्टी' असा घोळ होतोच; सरळ म्हणा, "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?"