नाट्यमहोत्सवात काम करायचंय? मग अ‍ॅक्टिंग सोडून बाकी कायपण मागा

दिवाळी सरली की फोन सुरू होतात, दादा त्या इंटरनॅशनल नाटकवाल्या फेस्टिव्हलात मला घ्या ना, काहीही करेन. आता 'काहीही करेन' म्हणणाऱ्याला लोक गेटवर उभं करतात पास बघायला, आणि तिथून नाटक काही शिकता येत नाही. म्हणून नवीन पोरापोरींसाठी एकदाच सगळं लिहून टाकतो. मी गोव्यात फोंड्याकडच्या एका लहान गावातल्या महोत्सवात बॅकस्टेजला असतो. हॉल एकच, बाकी प्रयोग शाळेच्या पटांगणात नाहीतर एका जुन्या गोदामात, पैसा कायम बेताचा.

आमच्याकडे येणारे ग्रुप इंडिपेंडंट असतात, म्हणजे काय ते आधी समजून घ्या. एडिनबर्गला १९४७ साली मोठ्या फेस्टिव्हलच्या वेळी आठ ग्रुप न बोलावता गेले आणि मिळेल त्या जागेत नाटकं केली, त्यातून फ्रिंज, म्हणजे कडेचा खुला महोत्सव, उभं राहिलं. फ्रान्समध्ये आव्हिन्योंला मोठ्या फेस्टिव्हलच्या बाजूने १९६६ पासून 'ऑफ' सुरू झालं. आजही हे ग्रुप तसेच, आपल्या खर्चाने येणारे, तीन-चार नट, बॅगेत मावेल एवढं नेपथ्य, आणि लाइट बघणारी जी असते तीच प्रॉपर्टी पण सांभाळते. म्हणजे बाकीचे हात गावातलेच लागतात, आणि नवीन माणसाची जागा तिथेच आहे.

माझं मत विचाराल तर सगळ्यात भारी काम सरटायटलचं. परभाषेतलं नाटक असलं की वरच्या पट्टीवर भाषांतर दिसतं ना, ते कुणीतरी लॅपटॉपवर बसून हाताने पुढे ढकलत असतं. दिसायला सोपं, बटण दाबायचं. पण नट एखादा पॅरा गाळतो आणि तुम्हाला ती भाषा येत नाही, मग कुठे आहोत ते त्याच्या हालचालीवरून पकडायचं, तो खुर्चीवरून उठला म्हणजे स्लाइड अमुक, असं आपल्या कॉपीवर पेन्सिलने लिहून ठेवायचं. विनोदाची ओळ नटाच्या आधी पट्टीवर आली तर लोक आधीच हसतात आणि तो बिचारा गप्प उभा. म्हणून अशा ओळीच्या आधी एक कोरी काळी स्लाइड टाकून ठेवा. एका वेळी दोन ओळींच्या वर मजकूर नको, लोक वाचतच बसतात, स्टेजकडे बघत नाहीत. ज्याने जत्रेच्या नाटकात विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय ना त्याला हे पटकन जमतं, कान आणि डोळे दोन्ही नटावर ठेवायची सवय असते. त्यामुळे अर्जात ते जरूर लिहा, लाजू नका, 'गावचं नाटक, त्यात काय' असं म्हणून पोरं ते लिहीतच नाहीत.

दुसरं काम, एका ग्रुपचा लोकल असिस्टंट. एकच ग्रुप धरा आणि येण्यापासून जाईपर्यंत त्यांच्याबरोबर राहा, रोज नवीन ग्रुपमागे धावून हाती काही लागत नाही. त्यांचा टेक रायडर, म्हणजे लाइट-साउंड-स्टेजला काय काय लागेल त्याची यादी, आधीच ईमेलवर येतो, तो मागून घ्या आणि नीट वाचा. गोदामात दुपारी साडेचारचा शो आणि रायडरमध्ये पहिलीच ओळ 'फुल ब्लॅकआऊट', म्हणजे पूर्ण काळोख हवा, असं होतंच. मग एकतर शो सातनंतर ढकला नाहीतर मांडववाल्याला काळं कापड घेऊन बोलवा, पण हे आठवडाभर आधी कळलं पाहिजे. अमेरिकेचा ग्रुप असेल तर त्यांची उपकरणं १२० व्होल्टची आहेत का ते विचारा, आपल्याकडे २३०, आणि अडॅप्टरने फक्त पिन बदलते, व्होल्टेज नाही! आणि लाइट बोर्ड, साउंड मिक्सर, सरटायटलचा लॅपटॉप-प्रोजेक्टर यूपीएसवर हवेतच. वीज गेली तर जनरेटर थोड्या सेकंदांत घेतो, पण डिजिटल बोर्ड रीस्टार्ट होत बसतो आणि तेवढा वेळ स्टेजवर काळोख.

गावातल्या फेस्टिव्हलचं टाइमटेबल गाव ठरवतं, डायरेक्टर नाही. कवळ्याची आणि मंगेशीची जत्रा माघात, त्या दिवसांत मांडववाला, लाइटवाला, प्रेक्षक सगळे तिकडे. नाताळच्या आसपास रूम आणि टॅक्सीचे दर विचारू नका. उघड्यावर स्पीकर रात्री १० ला बंद, २००० सालचा नियम आहे (आमच्या आजोबांनी जत्रेला पहाटेपर्यंत नाटकं बघितली, ते ऐकूनच हसतात). आणि आतल्या गावांच्या बसेस लवकर बंद होतात, म्हणून शो लांबला की पब्लिक मध्येच उठायला लागतं, ते नाटक पडल्यामुळे नाही हे पाहुण्यांना आधीच सांगा, नाहीतर त्यांचा चेहरा बघवत नाही. सकाळी त्यांना पातळ भाजी आणि उंडे (गोल पाव) खायला घालायला न्या, अर्ध्या गोष्टी तिथेच ठरतात.

पुढे शिकायचं असेल तर पणजीला कला अकादमीचं नाट्यशिक्षण आहे. शिवमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडूला नीनासमची नाट्यसंस्था १९८० पासून चालते, खेड्यात राहून नाटक शिकणं काय ते तिथे कळतं, पण शिकवणं मुख्यतः कन्नडमध्ये, ती तयारी ठेवून जा. दिल्लीचं एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, तर सगळ्यांना माहीतच आहे, पण 'तिकडे नाही मिळालं म्हणजे संपलं' हे डोक्यातून काढा.

पैशाचं बोलतो. बहुतेक ठिकाणी जेवण आणि पेट्रोल, फार तर थोडं मानधन, काय ते आधीच स्पष्ट विचारा, यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. शेवटच्या रात्री सामान उतरवायला थांबा, केबल गुंडाळता येते की नाही हे तिथेच दिसतं आणि पुढच्या वर्षीची माणसं तिथेच निवडली जातात. सर्टिफिकेटवर नुसतं 'व्हॉलंटियर' लिहून घेऊ नका, 'सरटायटल ऑपरेटर' किंवा 'असिस्टंट स्टेज मॅनेजर' असं कामाचं नाव आणि नाटकाचं नाव घालून मागा. आणि आयोजक घरी जायच्या आत मागा, नंतर फोन उचलत नाहीत.