कुजलेला ट्रान्सम बदलताना

माझ्या १४ फुटी फायबरच्या होडीचा ट्रान्सम, म्हणजे जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं ती मागची भिंत, बाहेरून ठणठणीत दिसायची. एकदा इंजिन वर उचलून ठेवलं होतं. मेव्हण्याने सहज त्याच्या पंख्याकडच्या टोकावर भार टाकला आणि अख्खी भिंत मागेपुढे झाली. तुम्हीही असंच तपासा. दुसऱ्याला इंजिन दाबायला सांगा आणि स्वतः ट्रान्समच्या कडांवर डोळा ठेवा.

मग हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. धडधाकट जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बसका. तरी शंका राहिली तर आतल्या बाजूने ५ मिमीची दोन-चार भोकं पाडा, त्यातलं एक पाणी काढायच्या बुचाजवळ, कारण पाणी खालीच साठतं. कोरडा, फिका भुसा आला तर नशीब. माझ्याकडे काळा ओला लगदा आला, वासासकट.

फायबर काही कुजत नाही. कुजतं ते त्याच्या दोन थरांमध्ये दडलेलं प्लायवुड. पाणी आत जातं भोकांतून, आणि माझ्या होडीत गुन्हेगार होते मासे शोधायच्या यंत्राच्या सेन्सरचे दोन बारके स्क्रू. आधीच्या मालकाने सीलंटचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लेपाचा, थेंबही न लावता पिळले होते.

भोकं पाडून पातळ इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा चिकट रस, ओता, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मी तेही करून पाहिलं. ओल्या लाकडात ते शिरतच नाही. वरवर कडक झालं आणि आतलं सडणं तसंच चालू राहिलं.

इंजिन उतरवा, होडीच्या तळाला नीट आधार द्या आणि ट्रान्समच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची मापं लिहून ठेवा. लाकूड काढल्यावर मागची बाजू लवचीक होते, आकार बिघडला तर नंतर कळूनही उपयोग नाही. कापायचं आतून. बाहेरचा थर शाबूत राहिला की तोच तुमचा साचा. पातं आतल्या फायबरच्या जाडीइतकंच खोल ठेवा आणि चहूबाजूंनी ५-७ सेंमीची पट्टी सोडा, नवं फायबरचं कापड तिच्यावर चढवायला.

कुजलेलं लाकूड हाताने निघतं. खरा घाम काढतं ते न कुजलेलं! माझे दोन दिवस छिन्नी आणि ग्राइंडर यांतच गेले. ४० नंबरच्या खरखरीत डिस्कने घासा, पण बाहेरच्या थराला भोक पडू देऊ नका. पूर्ण बाह्या, गॉगल आणि चांगला रेस्पिरेटर हवाच. फायबरमधल्या काचेची धूळ मानेत गेली की रात्रभर खाजवत बसाल. मग सगळं खडखडीत वाळू द्या. मी आठवडाभर पंखा लावून ठेवला. इथे घाई केली तर पुढची मेहनत पाण्यात.

पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून बघा, मगच प्लायला हात लावा. प्लाय मरिनच, म्हणजे होड्यांसाठी बनवलेलं, घ्या. माझी जुनी जाडी ३६ मिमी भरली, म्हणून १२ मिमीचे तीन थर घेतले. डेकची कड आड येत असल्याने प्रत्येक थर दोन तुकड्यांत आत घालावा लागला. सांधे एकमेकांवर येऊ दिले नाहीत.

चिकटवायला इपॉक्सीच. फायबरच्या होड्यांत सर्रास वापरलं जाणारं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला तितकं घट्ट धरत नाही. इपॉक्सीत हार्डनरचं, म्हणजे तिला कडक करणाऱ्या दुसऱ्या भागाचं, प्रमाण डब्यावर असेल तेवढंच. जास्त घातलं म्हणून लवकर सुकत नाही. आधी लाकडाला, विशेषतः कडांना, पातळ इपॉक्सी पाजा. मग सिलिका पावडर घालून टूथपेस्टसारखी दाट केलेली इपॉक्सी दातेरी पट्टीने पसरा. मी एकदम मोठा डबा कालवला आणि तो हातातच धुमसायला लागला. थोडं थोडं कालवा, पसरट भांड्यात.

क्लॅम्प पोचत नाहीत तिथे इंजिनच्याच जुन्या भोकांतून बोल्ट घालून आडव्या लाकडी पट्ट्यांनी आवळा, पट्टीखाली प्लास्टिक ठेवून. कडांतून थोडी इपॉक्सी बाहेर आली की थांबा. जास्त आवळलं तर सगळी बाहेर येते आणि सांधा कोरडा पडतो.

कोपऱ्यांत दाट इपॉक्सीने गोलाई द्या, काटकोनात कापड नीट बसत नाही. सोडलेली पट्टी उतरती घासून घ्या: ५ मिमी जाडीला ६० मिमी उतार. वर बायअॅक्सियल, म्हणजे दोन दिशांना धागे असलेल्या, फायबरच्या कापडाचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, तळावर आणि बाजूंवर चढलेला. साधी चॉप्ड मॅट, म्हणजे तुटक धाग्यांची चटई, इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. इपॉक्सी कडक झाल्यावर मेणचट थर आला तर रंगाआधी पाण्याने घासून धुवा. रंग मात्र लावाच, उन्हात उघडी इपॉक्सी टिकत नाही.

आता भोकं. १२ मिमीच्या बोल्टसाठी २० मिमीचं भोक पाडा, बाहेरून टेप लावून दाट इपॉक्सीने भरा आणि कडक झाल्यावर मधोमध १२ मिमीचं पाडा. बोल्टभोवती इपॉक्सीचं कडं तयार होतं, पाण्याला लाकूड सापडत नाही. बुचाच्या भोकालाही हेच. वर मरिन सीलंट आणि रुंद वॉशर. सेन्सरसाठी मी फायबरचाच एक जाड तुकडा बाहेरून चिकटवला. स्क्रू त्यातच संपतात.