फॅन्टसी हॉकीचा संघ पारखताना: आकडे आधी की जोडी?

नागपुरात बसून एनएचएलची (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेची) फॅन्टसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ, खेळणाऱ्यांना हिवाळ्यात पहाटे साडेपाचच्या सुमारास, तर्री-पोह्यांच्या गाड्या लागण्याआधीच, संघ पक्का करावा लागतो; अशा घाईत केवळ गुणांची बेरीज पाहून खेळाडू निवडला जातो. त्याआधी तो कोणासोबत बर्फावर उतरतो, हे अवश्य पाहावे. आघाडीपटू झॅक हायमनने टोरंटो संघाकडून एका मोसमात कधीही 21 पेक्षा अधिक गोल केले नव्हते, परंतु एडमंटनमध्ये कॉनर मॅकडेव्हिडच्या साथीने त्याने 2023-24 मध्ये 54 गोल केले आणि पुढच्या मोसमात तो 27 वर आला. म्हणजे साथीदार तोच असला तरी आकडा टिकेलच असे नाही. एका गोलवर जास्तीत जास्त दोन असिस्ट (गोलआधीच्या पासचे श्रेय) मिळत असल्यामुळे, एकाच आघाडीतले (एकत्र बर्फावर उतरणाऱ्या आक्रमक त्रयीतले) दोघे घेतल्यास एका गोलचे दुहेरी गुण मिळू शकतात. मात्र ती आघाडी थंडावली की दोघेही कोरडे राहतात. पॉवर प्लेच्या (शिक्षेमुळे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू बाहेर असतानाच्या खेळाच्या) पहिल्या तुकडीतील जागा मला सर्वांत मोलाची वाटते. हिट (प्रतिस्पर्ध्याला अंगाने दिलेली धडक) आणि ब्लॉक (अंगाने अडवलेला फटका) यांसाठी मात्र वैयक्तिक आकडेच पाहावेत, कारण ती कामे साथीदाराच्या पासवर अवलंबून नसतात.