चतुराच्या डोळ्यापर्यंत पोचताना

ऊन चढायच्या आत मी गवतात जाऊन बसते. कीटकांचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं, त्यामुळे पहाटेच्या गारव्यात ते सुस्त असतात. दुपारी क्षणभर न टेकणारा चतुर (ड्रॅगनफ्लाय) तेव्हा पंखांवर दव घेऊन काडीला धरून निवांत असतो. किड्यांचे क्लोजअप फोटो काढायला शिकायचं तर हीच वेळ गाठा.

कॅमेरा लगेच डोळ्याला लावू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. चतुराचं तोंड कुठे आहे, मागची झाडी किती लांब आहे? ती जितकी लांब, तितकी पार्श्वभूमी मऊ येते. मग त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येईपर्यंत खाली बसा, वेळ पडली तर सरळ पालथे पडा. तुमची सावली मात्र त्याच्यावर पडू देऊ नका, तेवढ्यानंही तो उडतो.

खरी कसोटी फोकसची. मॅक्रो लेन्सवर, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सवर, १:१ म्हणजे सेन्सरवरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरची) प्रतिमा किड्याच्या खऱ्या आकाराएवढी. इतक्या जवळून फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर एफ/८ ला जेमतेम १ मिलिमीटरचा थर स्पष्ट येतो. एफचा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. ॲपर्चर एफ/२२ पर्यंत बारीक केलं, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. मी एफ/८ ते एफ/११ मध्येच राहते. सुरुवातीला माझे कितीतरी फोटो वाया गेले, कारण पंख स्पष्ट यायचे आणि डोळे धूसर. तेव्हापासून ऑटोफोकस बंद. लेन्सवरची फोकसची रिंग एका जागी ठेवायची, कोपरं जमिनीला टेकवायची आणि आपणच अगदी किंचित पुढे-मागे व्हायचं. डोळ्यातली जाळी उमटली की लागोपाठ चार-पाच फोटो घ्यायचे. चतुराच्या काही जातींत एका डोळ्यात सुमारे ३०,००० बारीक भिंगं असतात. ती जाळी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी बटण दाबायचंच विसरले होते.

पंख मिटून बसलेलं फुलपाखरू असेल, तर सेन्सर पंखांना समांतर धरा. सगळा पंख त्या पातळ थरात मावतो आणि कौलांसारखे रचलेले खवले दिसू लागतात.

फुलांना वारा नडतो. देठाशेजारी काडी रोवून त्याला हलकेच टेकू द्या, फूल तोडू नका. लाल जास्वंदीचं एक्स्पोजर (फोटोसाठी घेतलेला प्रकाश) थोडं कमी ठेवा, नाहीतर पाकळीच्या शिरा रंगात बुडून जातात. कडक उन्हात पातळ पांढरं कापड आडवं धरलं की पुंकेसरावरचे परागकण वेगवेगळे उठून दिसतात.

किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका.

ऊन तापलं की चतुर उडेल. त्याच्या मागे धावू नका. बऱ्याच जाती फेरी मारून त्याच काडीवर परत येतात. काडीच्या टोकावर फोकस लावा आणि तिथेच बसून राहा.